ढग एका कोपऱ्यात बसतो

तक्रार एवढीच होती मोबाइलवर:
ढग एका कोपऱ्यात बसतो.

प्रभादेवी, एकेचाळिसावा मजला.
सर्व्हिस लिफ्टमध्ये मी, एक जुना फ्रिज
आणि फ्रिज धरून उभा असलेला पोरगा.
दार दमयंतीबाई विजयकरांनी उघडलं.
म्हणाल्या, चपला राहू देत, आधी याला बघा.

टेबल आमचंच, ओशिवऱ्यात बनलेलं.
सागाच्या पायांवर रंधा माझाच फिरलेला.
वर जाड काच, काचेखाली वीतभर आभाळ
आणि तळाशी शेवाळाचं एक गाव, माणसं नसलेलं.
बटणं चार: धुकं, सर, वीज, गारा.
(गारा कशाच्या, ते विचारू नका.)
मुलानं पाठवलेलं, पंचाहत्तरीला, पैसे सिंगापूरहून भरून.

आणि खरंच, ढग कोपऱ्यात होता.
लग्नात दोन्हीकडच्या कुणाच्याच ओळखीचा नसलेला पाहुणा
बसतो, तसा.

पंखा तपासला. ठीक.
मग पाण्याला थरथरवून वाफ करणारी चकती:
तिच्यावर टँकरच्या पाण्याचा पांढरा थर.
व्हिनेगरनं घासली. म्हटलं, यात बाटलीचं पाणी घालत जा.
ढगाला बिसलेरी? म्हणाल्या,
आणि तोंडावर पदर धरून हसल्या.

ढग हलला नाही.

शेवटी काचेवर पाणसळ ठेवली.
बुडबुडा सरकला.
टेबल नाही, फरशी. आणि फरशीही नसेल,
इमारतच असेल, दोन सूत समुद्राकडे.
एवढ्या बिऱ्हाडांत कुणाला कळलं नव्हतं.
मी बोललो नाही.
मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा चौघडी करून पायाखाली सारला.
ढग उठला, मधोमध आला.

सही घेणार, तेवढ्यात बाईंनी विचारलं,
यात उघडीप होते का?

आम्ही ठाकूरद्वारला होतो तेव्हा, म्हणाल्या,
आठ-आठ दिवस झड.
घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर दुपटी,
वरणाच्या फोडणीलासुद्धा कुबट वास.
मग मध्येच थांबायचं.
समोरची मथूताई ओरडायची, उघडलं गं!
की सगळ्या बादल्या घेऊन गच्चीवर.
वीस मिनिटं. कधी तेवढीही नाही.
वाळायचं काहीच नाही,
पण सुकल्यासारखं व्हायचं जरा.
तेवढंच हवंय.

ऑफिसला फोन लावला.
परेशभाई म्हणाले, ऊन पुढच्या मॉडेलमध्ये येतंय.
ऊन नको हो, पाऊस थांबलेला पाहिजे.
मग बटण बंद कर ना, म्हणाले.

बंद करणं वेगळं. फोनवर काय सांगणार.

सर सोडली. पाऊण तास पडू दिली.
बाईंनी चहा केला, आलं जास्त झालेला.
दोघं बघत बसलो, एखाद्याच्या घरी जाऊन
त्याच्या लहान मुलाकडे बघत बसतात तसे.
मग पंपाचा स्क्रू हातानं, पाव-पाव फेरा.
पंखा उलटा. दिवा थोडासा वर, पिवळा होऊ न देता;
ताकाच्या निवळीसारखा उजेड असतो ना, तिथवर.
थेंब काचेला आतून धरून राहिले, पडेचनात.
ढग विरळला. गेला मात्र नाही.

बाई आत गेल्या,
नळाखाली भिजवलेला, घट्ट पिळलेला रुमाल घेऊन आल्या.
काचेवर पसरला, चारी टोकं ओढून,
मधली सुरकुती तळव्यानं काढली
आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या.

मी खाली मान घालून बिल भरायला घेतलं.
चकतीची सफाई, दीडशे. पुठ्ठा, काही नाही.
उघडीपीला ॲपमध्ये रकाना नव्हता.
'इतर' दाबलं.
रक्कम टाका, म्हणालं. पुन्हा म्हणालं.
रुमाल अजून दमट होता.